मचूळ पाण्याचे दिवस

ऑक्टोबर लागला की इथल्या पाण्याचा वास बदलतो. उन्हाळाभर या नदीला म्हैस डुंबून गेल्यासारखा हिरवट, कुबट वास असतो. मग एके सकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, झाडांची पानं ओल्या रस्त्याला चिकटून बसतात, आणि बांधावर उभं राहिलं की नाकात गंजलेल्या लोखंडासारखा वास शिरतो. काल तो वास आला. मी बाकावर बसलो आणि शेजारची ओली फळी रुमालानं पुसून काढली. पुसून झाल्यावर ध्यानात आलं, की तिथं बसायला कुणी नाही.

दोन वर्षांमागे याच दिवसांत मी माझ्या बायकोला, सुमतीला, रोज दुपारी इथं आणायचो. तिचे शब्द जात होते. मी ते धरून ठेवायला बघत होतो. त्या दिवसांबद्दल लिहायचं म्हटलं तर पाण्याबद्दल लिहावं लागतं. आमच्या दोघांच्यात बोलायला दुसरं होतंच काय?

हे गाव कापेल. रॉटरडॅमला चिकटलेलं. आमचा मुलगा महेश पुण्याहून इथं कॉम्प्युटरच्या नोकरीला आला, घर घेतलं, आणि खटपट करून आम्हा दोघांना घेऊन आला. घरापासून बांध जवळ, बांधाखाली आयसेल नदी. नदी म्हणावी तर दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. सुकतीला चिखल उघडा पडतो, त्यावर बगळे उतरतात, दगडांवर ओला पट्टा राहतो. खाडी म्हणावी, तर पाणी गोडं. पहिल्या वर्षी मी हे मानलंच नाही. भरती आली म्हणजे खारं आलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. महेश म्हणाला, "बाबा, समुद्र खालून रेटतो आणि नदीचं पाणी मागं तुंबतं. चढतं ते गोडंच असतं." म्हटलं, "तू तुझं कॉम्प्युटरचं बघ." दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन बोट बुडवून चाखलं. गोडं होतं. त्याला काही बोललो नाही.

असल्या पाण्याला माझ्या तोंडात शब्द नाही. खारं आहे, गोडं आहे, दोघांच्या मधलं मचूळ आहे. मचूळ पाणी पिऊन तहान भागत नाही आणि त्यात मीठही पिकत नाही, पण मासळी तिथंच जास्त. पिल्लं घालायला, वाढवायला सगळी तिथंच येतात. आमचा संसार तसाच म्हणायचा.

आम्ही दोघंही वाशिष्ठीकाठचे भोई. जात एक, नदी एक. पण माझं गाव खाली, मुखाकडं, जिथं खाडी समुद्राला मिळते. तिचं गाव वर, जिथवर भरतीचं पाणी पोचत नाही. आमच्याकडची माणसं वरच्यांना डबक्यातली म्हणायची. त्यांची मासळी चिखलाची लागते म्हणायची. मीही म्हणायचो, आणि तिच्या देखत म्हणायचो. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडी सगळे गोडे शब्द. खोल पाणी म्हणजे कोंड. बारीक वाहतं पाणी म्हणजे पऱ्या. मासे म्हणजे मळये, खडस, मरळ. माझ्या आईनं विचारलं, "गो, आज उधाण का भांग?" तर ही बघत राहिली. मोठी भरती आणि मंद भरती यांतला फरक तिला ठाऊक नव्हता. कसा असणार? तिच्या गावी पाणी एकाच दिशेनं जातं. गेलेलं पाणी परत येतं, हेच तिला खरं वाटत नव्हतं. पहिल्या दिवसांत सुकतीला ती काठावर येऊन उभी राहायची आणि पुन्हा भरायला लागलं की घाबरून घरात पळायची. आमची आळी हसून हसून लोळायची.

पण शिकली. आळीनं हसावं हे तिला सोसलं नाही म्हणून शिकली. बोय, काळुंद्र, तांबोशी, रेणवी, निवटी. कुठला मासा कांदळाच्या मुळांत राहतो, कुठला उघड्या पाण्यात. पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायला लागली. बोयीचे कल्ले उघडून गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची, "बघा, कुंकवासारखं लाल हाय. उद्या नाय ऱ्हाणार असं." गिऱ्हाइकानं नाक मुरडलं तर म्हणायची, "मग जावा वर. तिकडं डबक्यातली मिळतात." हे ती म्हणायची. तीच.

विसरायचा आजार इथं आल्यावर लागला, की आधीपासून होता आणि इथं दिसला, ते सांगता येत नाही. इथं तिला बोलायला माणूस नव्हतं. इथले शब्द आधी गेले, ते मुळात थोडेच होते. मग सूनबाईचं नाव गेलं. मग एकदा गॅस चालू ठेवून ती बांधावर निघून आली, चपला न घालता. महेशनं मला खोलीत बसवून दार लावलं.

"बाबा, डॉक्टरनं, आपल्या हाउसआर्ट्सनं, स्पष्ट सांगितलंय. इथून पुढं हे वाढत जाणार. आम्ही दोघं ऑफिसात. तुम्हाला एकट्याला नाही झेपणार. इथलं व्हर्पलेगहाउस, अशा आजारी माणसांना सांभाळायचं घर, चांगलं असतं. माणसं असतात, नर्स असतात."

"तिथं तिच्याशी बोलणार कोण? डच?"

"तुम्ही रोज जाल."

"मी जाणार नाही, कारण ती जाणार नाही. अजून मला ओळखते ती."

महेश म्हणाला, "ठीक आहे. ती तुम्हाला ओळखते तोवर घरी. पण ज्या दिवशी नाही ओळखणार, त्या दिवशी तुम्ही अडवायचं नाही. शब्द द्या." मी दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून तो ऑक्टोबर. रोज दुपारी स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल असं तिला गुंडाळून बांधावर न्यायचं, बाकावर बसवायचं आणि पाणी दाखवायचं. तिथीवरून भरतीची वेळ काढायची आमची रीत इथं चालत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं. मी विचारायचो, मास्तर विचारतो तसं.

"पाणी येतंय का जातंय?"

"येतंय."

"म्हणजे काय?"

"भरती."

"आणि गेल्यावर?"

"सुकती." आणि वर मला म्हणायची, "अवो, मला काय येडी समजता?"

हे 'अवो' ऐकायला मी रोज येत होतो. ते ऐकलं की घरी जाऊन महेशला सांगायचो, आज चांगली होती. तो मान हलवायचा. सूनबाई चहा ठेवायची. दिवस निघून जायचा.

बांधावरून पलीकडं पुलाशेजारी दोन उंच मनोरे दिसतात. त्यांच्यामधे लोखंडी दरवाजा टांगलेला आहे. समुद्र फार माजला की तो खाली सोडतात आणि पाणी बाहेरच्या बाहेर थोपवतात. मला तो दरवाजा आवडायचा. म्हणायचो, माणसानं ठरवलं तर काय अडवता येत नाही! आमच्याकडंही खाजणात खारं शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात. कुठल्यातरी उधाणाला खांड पडते आणि खारं शेतात शिरतं. मग तिथं भात होत नाही, कितीही गोडा पाऊस पडला तरी. मी माझा बांध असाच राखत होतो. फक्त मला वाटत होतं, धोका खाऱ्याचा आहे.

एक दिवस सुकतीला चिखल उघडा पडला होता. मी विचारलं, "हे काय?" खाजण, चिखल, काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "मळई."

मळई म्हणजे नदीनं आणून टाकलेली गोडी माती. सुमतीच्या माहेरी त्या मातीवर कलिंगडं लावतात. आमच्या खाली हा शब्द नाही. आमच्या घरात कुणी तो उच्चारल्याचं मला आठवत नाही. तिनं तो टाकून दिला होता, माझी आई हसेल म्हणून, आणि आता तो कुठूनतरी वर आला होता, पुरात लाकूड येतं तसा. मी म्हटलं, "खाजण म्हण." ती म्हणाली, "मळईच हाय. बाबा इथं कलिंगड लावतील." मी म्हटलं, "खाजण." आवाज चढला माझा. सायकलवरून जाणारी एक बाई मागं वळून बघत गेली.

त्यानंतर रोज एक. 'भरती' हा शब्द गेला. म्हणायची, "पूर चढतोय." पाणकावळ्याला पाणकावळाच म्हणायची, तो दोन्हीकडं असतो. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या चांदव्याला चांदवा. पण ज्याला खाऱ्याचा वास होता तो प्रत्येक शब्द जात होता, खालच्या टोकाकडून, आणि मी जे जे तिला दिलं होतं तेच आधी जात होतं. मी बाजारातून बोय आणली. इथं मिळते, मोठी, मोरोक्कोवाल्याच्या दुकानात. कल्ले उघडून तिच्या नाकाशी धरले. तिनं तोंड फिरवलं. "उग्र वास येतो," म्हणाली.

शाळेला सुट्टी होती तेव्हा नात, ईरा, बरोबर यायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर डचमधे. बाकाच्या खाली दगडांवर एक डच म्हातारा गळ टाकून बसायचा. त्याच्या बादलीत एकदा खेकडा होता. नांग्यांवर केसच केस, हातमोजे घातल्यासारखे. मी म्हटलं, "ही चिंबोरी कसली? हिला दाढी कुठं आली?" ईरा हसली. म्हाताऱ्यानं तिला काहीतरी समजावून सांगितलं. ती मला म्हणाली, आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आजोबा, हे चीनचे आहेत. बोटीतून आले. गोड पाण्यात राहतात. आता समुद्रात जातात. अंडी देतात, मग मरतात."

"आणि पिल्लं?"

"परत वर येतात."

वामही, ती सापासारखी लांब मासळी, या दिवसांत असंच करते, म्हातारा म्हणाला. वर्षानुवर्षं गोड्या नाल्यात काढते, मग एका पावसाळी वाऱ्याला निघते आणि खाऱ्याकडं जाते. त्यानं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं, "झूत." मग दूर पश्चिमेकडं हात केला, "झाउत." मधे कुठंतरी हात हलवून, "ब्राक." झूत म्हणजे गोड, चहात असतं तेच, ईरानं सांगितलं. म्हणजे हीपण माणसं गोडंच म्हणतात. बरं वाटलं. इंग्रजीत त्याला ताजं म्हणतात म्हणे. ताजी तर मासळी असते.

सुमती बादलीत वाकून बघत होती. तिनं हात घातला आणि खेकडा पाठीमागून बरोबर धरून वर काढला. म्हातारा तिला थांबवायला "हो हो हो" करत उठला. ती म्हणाली, "मुठा." भातशेतातल्या खेकड्याला तिच्याकडं म्हणतात ते. आणि तिनं तो परत पाण्यात सोडून दिला. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. इथं येऊन शिकलो होतो खांदे उडवायला.

आठवडाभरानं वारा फार होता, म्हणून मी तिला बांधाच्या आतल्या अंगानं, पंपघराच्या बाजूनं आणलं. जमीन नदीहून खाली आहे. नाल्यातलं पाणी पंपानं उपसून वर नदीत टाकतात. पंपघराच्या कठड्यावरून खाली बघितलं, तर बाहेरच्या तोंडाशी फेस होता आणि फेसात वामीचे तुकडे तरंगत होते. निघाल्या असतील समुद्राला. रस्ता पंपातूनच. काही अर्ध्या होत्या आणि अजून हलत होत्या. पाणकावळे तिथंच बसून होते, त्यांना सवय असावी. मी तिला वळवायला बघत होतो, पण ती कठड्याला धरून उभी राहिली.

"वाम," ती म्हणाली. शब्द बरोबर होता. गोड्यातही चालतो, खाऱ्यातही चालतो, आणि मी मूर्खासारखा खूश झालो. म्हटलं, "बरोबर! वाम! आणि कुठं निघाली ती?" ती रडत होती. "घरी," म्हणाली. मी म्हटलं, "नाही, समुद्राला." ती "घरी, घरी" म्हणत राहिली.

मला वाटलं, चूक पाण्याची आहे. या पाण्याला भरती आहे पण खार नाही. जीभ फसते. बोटभर खारं हिच्या तोंडात गेलं तर सगळं परत येईल. आमच्या आळीत रीत आहे. वरच्या गावची नवी सून आली की पहिल्या उधाणाला तिला मुखाशी नेतात, नवऱ्यानं आपल्या ओंजळीत समुद्राचं पाणी घ्यायचं आणि तिच्या ओठाला लावायचं. मग ती खाऱ्याची झाली. मी लावलं होतं तेव्हा तिनं तोंड कसंनुसं केलं होतं आणि बायका खिदळल्या होत्या. ते पुन्हा करायचं मी ठरवलं.

महेश म्हणाला, "बाबा, बाहेर किती थंडी आहे बघताय ना? नोव्हेंबर लागतोय."

"गाडी काढतोस का मी मेट्रोनं नेऊ?"

"आईला न्यूमोनिया झाला म्हणजे?"

"महेश, एवढं एकदा."

त्यानं गाडी काढली. हूक फान हॉलंडला वाळूवर माणूस नव्हतं. समुद्र मातीच्या रंगाचा, वर तसंच आभाळ, दूर मालाच्या बोटी रांगेत उभ्या. चाकूच्या म्यानासारखे लांब शिंपले पायाखाली मोडत होते. मी बूट-मोजे काढले, पाण्यात गेलो, ओंजळ भरली. हात बधिर झाले. महेश तिला धरून उभा होता. मी म्हटलं, "सुमती, घे." ती माझ्या ओंजळीकडं बघत राहिली. मी ती तिच्या ओठाला लावली.

तिनं थुंकलं. मग माझे दोन्ही हात झटकले, इतक्या जोरानं की मी वाळूत बसलो, आणि ती महेशच्या मागं लपली. पोटच्या पोराच्या कोटाला धरून त्याला म्हणाली, "दादा, ह्या माणसाला सांग ना, मला घरी जाऊ दे. मी काय केलंय ह्याचं?"

लाटा येत होत्या, जात होत्या. महेशनं मला हात देऊन उठवलं. माझे मोजे त्यानंच झटकले, पाय त्यानंच पुसले. त्याच्या लहानपणी मी त्याचे पुसले असतील, आठवत नाही, बहुतेक तिनंच पुसले असतील. गाडीत हीटर लावून बसलो तेव्हा तो म्हणाला, "बाबा..."

"ऐकलं मी," म्हटलं. "कधी न्यायचं ते ठरव."

ती आता तिथं राहते. बसनं जायला वेळ लागत नाही. जागा स्वच्छ आहे, नर्सबाया हसऱ्या आहेत, खिडकीखाली एक नाला आहे. हिरवा, संथ, कडेला बोरूसारखं गवत, चांदव्याची जोडी. गोडं पाणी, कुठं जात नाही, कुठून येत नाही. तिला ते आवडतं. पहिले काही महिने मी नवरा म्हणून जात होतो. सुमती म्हटलं की ती दाराकडं बघायची, कोण आलं म्हणून. ते नाव आमच्या घरानं ठेवलेलं. लग्नात तांदळात मीच बोटानं लिहिलं होतं, त्याच्या आधी ती बायजी होती. मी जवळ बसलो की ती अंग चोरायची. नर्सबाई मला बाहेर नेऊन कॉफी द्यायची. फार नम्र माणसं.

मग एक दिवस मी बायजी म्हटलं. ती वळली. म्हणाली, "वरनं आलास का खालनं?"

मी आयुष्यात कधी खोटं गाव सांगितलं नाही. म्हटलं, "वरनं."

"पऱ्याला पाणी हाय?"

"आहे."

तेव्हापासून मी तिच्या गावचा तरीवाला आहे. तरीतून माणसं या काठाची त्या काठाला नेतो. डबक्यातले म्हणून ज्यांना हसलो त्यांचे शब्द या वयात तोंडात बसवतोय, आणि चुकलो की ती रागावते. मळ्याला मरळ म्हटलं तर म्हणते, "तू भोई हायस का कोण?" कोंडात किती पुरुष पाणी, दगडाखालून वाम कशी काढायची, खडस कुठल्या वेळेला वर येतो, सगळं सांगते. तिच्या बापाचं नाव घेते. मी त्यांना चांगला ओळखत होतो, मानी माणूस, माझ्याशी शेवटपर्यंत मोकळेपणी बोलले नाहीत. खाऱ्याचा एक शब्द मी तिच्यासमोर काढत नाही. काढला की तिचा चेहरा आवळतो. भरती, उधाण, मुख. बसमधे एकटा असलो की मी ते मनातल्या मनात म्हणून घेतो. महेशला निम्मे कळतात, ईराला एकही नाही. आमच्या आळीत आता कोण म्हणतं मला ठाऊक नाही.

परवा गेलो तेव्हा पाऊस होता. तिनं माझ्या हातातलं बिस्कीट घेतलं, अर्धं मला दिलं, आणि बाहीला धरून खाली ओढलं. कानाशी बोलायचं होतं.

"दादा, तू होडी घेऊन खाली जातोस ना? मुखाकडं?"

"जातो कधी कधी."

"तिथं एक जण हाय. बाबांनी त्याला शब्द दिलाय माझा." तिनं दाराकडं बघून घेतलं. "मला नाय जायचं खाऱ्यात."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सगळा संसार झाला, पोर झालं, पाटी वाहून मान वाकली, आणि हे तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "का गो?"

"तिथलं पाणी पिता येत नाय. आन तो हसत नाय. एकदा बघून गेला ना, तेव्हा बी हसला नाय."

"त्याला काय सांगू मग?"

तिनं विचार केला. बाहेर चांदवे गवतात शिरले होते. "सांग, पोरगी वर गेली. कोंडाच्या पल्याड. शोधू नको म्हणावं."

"सांगतो," म्हटलं.

तिनं माझ्या हातावर थोपटलं, परक्या भल्या माणसाला थोपटावं तसं, आणि निवांत बसून राहिली.

बसथांब्यावर कुणी नव्हतं. काचेवर पाणी ओघळत होतं, आणि त्यात माझ्या जागी तो मुखाकडचा उभा होता, माझीच टोपी कानावर ओढलेला, हातात मिटलेली छत्री. मी त्याला तिनं सांगितलं तसंच सांगितलं. तो हसला नाही.